शाळेतील दांडगाई आणि शिक्षकाची नजर

मुलाला शाळेत धाडताना आईबाप आपली सर्वांत मोलाची ठेव परक्याच्या हाती सोपवीत असतात. सस्काटूनसारख्या दूरच्या नगरात, जेथे वर्षाचे कित्येक महिने बर्फाचे असतात आणि आप्तेष्ट सातासमुद्रांपलीकडे, तेथे तर शिक्षक हाच आईबापांचा मोठा आधार होय. म्हणून एक मूल दुसऱ्याला छळत असेल तर शिक्षकाने ते कसे ओळखावे व ओळखल्यावर काय करावे, हा प्रश्न शिक्षकांइतकाच आपणां पालकांचाही आहे.

दोन तुल्यबळ मुले भांडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळू लागली, तर ते भांडण होय, दांडगाई नव्हे. या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचे आद्य प्रवर्तक डॅन ओल्वेउस यांनी दांडगाईच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: दुखविण्याचा हेतू, पुनःपुन्हा होणारा त्रास आणि बळातील विषमता. हे बळ केवळ मनगटाचे नसते; ते संख्येचे असते, भाषेचे असते, वर्गातील वजनाचेही असते. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केली आणि त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असे दिसून आले, तेव्हा १९८३ मध्ये तेथील सरकारने देशव्यापी मोहीम हाती घेतली. बर्गेन येथील ४२ शाळांतील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांच्या पाहणीत छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरल्याचे आढळले. तात्पर्य, ‘मुलेच ती, चालायचेच’ असे म्हणून स्वस्थ बसण्याचे कारण नाही.

स्वस्थ बसल्याची किंमत किती भयंकर असते हे कॅनडाने १९९७ साली पाहिले. व्हिक्टोरिया शहरानजीक रीना वर्क या १४ वर्षांच्या भारतीय वंशाच्या मुलीला समवयस्कांच्या टोळक्याने मारहाण केली आणि पुढे त्यांतील दोघांनी तिचा जीव घेतला. तिचा देह सापडेपर्यंत आठ दिवस लोटले; त्या काळात मुलांमुलांत कुजबुज चालली होती, ती मोठ्यांच्या कानी मात्र फार उशिरा पडली. आपल्या सस्कॅचेवान प्रांतातही २०१३ मध्ये लोकांशी विचारविनिमय होऊन दांडगाई व संगणकावरील छळ यांविरुद्ध कृतियोजना जाहीर झाली. परंतु योजना कागदावर असते. मूल वर्गात असते. त्या दोहोंमधला दुवा शिक्षकच आहे.

आणि शिक्षकाच्या दृष्टीस हा प्रकार सहसा पडत नाही. डेब्रा पेप्लर व वेंडी क्रेग यांनी टोरांटोच्या शाळांतील क्रीडांगणांवर चित्रण करून पाहिले, तेव्हा छळाच्या दर शंभर प्रसंगांपैकी सुमारे ४ प्रसंगांतच शिक्षक मध्ये पडल्याचे दिसले. याचा दोष निष्काळजीपणाला देणे अन्यायाचे होईल. दांडगा मुलगा शिक्षकाची पाठ वळण्याचीच वाट पाहत असतो. म्हणून छळ नव्हे, छळाच्या खुणा पाहावयास शिकले पाहिजे. ज्याचे हातमोजे व टोपी वरचेवर हरवतात, ज्याचा डबा न उघडताच घरी परत जातो, ज्याचे सोमवारी सकाळी हटकून पोट दुखते, जो मधल्या सुट्टीत शिक्षकाच्याच आसपास घोटाळतो, ज्याचे नाव उच्चारताच मागच्या बाकावर हशा पिकतो, त्या मुलाकडे लक्ष असावे. कडक थंडीच्या दिवशी सुट्टी आतच घालवावी लागते. तेव्हा अंगरखे टांगण्याची जागा, जिने व स्वच्छतागृहे यांवर फेरी मारावी. मुलींमधील छळ बहुधा निःशब्द असतो: एकीला गटातून वगळणे, ती येताच बोलणे थांबविणे. भ्रमणध्वनीमुळे तर हा छळ शाळा सुटल्यावरही पाठ सोडीत नाही.

ओळख पटल्यावर पहिले कर्तव्य म्हणजे प्रकार तेथल्या तेथे, शांतपणे थांबविणे. पीडित मुलास भर वर्गात प्रश्न विचारू नयेत. त्याला एकांतात बोलते करावे आणि ‘यात तुझा दोष नाही’ हे स्पष्ट सांगावे. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडविण्याची घाई करू नये. बळ विषम असता असा समेट दुर्बळावरच लादला जातो. दांडगाई करणाऱ्याला शिक्षा व्हावी, पण अपमान नको. अपमानाने तो अधिकच कावेबाज होतो. आपण काय केले हे त्याच्याकडून वदवून घ्यावे, नुकसान भरून द्यावयास लावावे आणि त्याच्या घरी काय चालले आहे याचीही चौकशी करावी. घडलेले टिपून ठेवावे, दोन्ही घरच्या पालकांना कळवावे व आठवड्याने पुन्हा विचारावे. हे अखेरचे काम बहुधा राहून जाते, आणि छळ तेथूनच पुन्हा सुरू होतो.

सर्वांत मोठे बळ मात्र पाहणाऱ्या मुलांत असते. टोरांटोच्या त्याच संशोधनमालेत असे आढळले की, सोबती मध्ये पडले तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंगी छळ १० सेकंदांत थांबला. नोव्हा स्कोशियातील बर्विक येथे २००७ साली गुलाबी सदरा घातला म्हणून एका नव्या विद्यार्थ्याचा छळ झाला, तेव्हा वरच्या वर्गातील दोघा मुलांनी ५० गुलाबी सदरे आणून सोबत्यांना वाटले. त्यातूनच कॅनडाभर पाळला जाणारा गुलाबी सदऱ्याचा दिवस निघाला.

वाचकहो, अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे काय हे आपल्या पूर्वजांना कोणी शिकवावयास नको होते. तथापि १८७१ साली मॉरिशसमधील ९,४०१ जुन्या गिरमिट्यांनी आपल्या गाऱ्हाण्यांच्या अर्जावर नावे घातली. मळेवाल्यांच्याच समाजात वावरणारा आडॉल्फ द प्लेव्हिट्झ त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी शाही चौकशी आयोग नेमला गेला. दुर्बळाची तक्रार ऐकावयास अधिकार असलेला एक तरी माणूस लागतो. शाळेत तो माणूस शिक्षक होय. आपण घरी ‘सोसून घे बाळ, आपण परके आहोत’ असे म्हणण्याऐवजी ‘गुरुजींना सांग, मीही येतो’ असे म्हणू लागलो, तर त्या माणसापर्यंत पोहोचण्याची वाट मुलाला सापडेल.