राउटरच्या खोक्यावरील आकडे आणि ऑनलाइन खेळातील विलंब

घरातील संगणक, मोबाइल, टीव्ही आणि गेम कन्सोल यांना एकाच इंटरनेट जोडणीवर आणणाऱ्या आणि बाहेरून आलेला माहितीचा प्रत्येक तुकडा योग्य त्या उपकरणाकडे वळवणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. फायबर जोडणी घेणाऱ्या बहुतेक घरांत तो सेवा पुरवठादाराकडूनच येतो आणि प्रकाशाच्या संकेतांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे ओएनटी हे यंत्रही पुष्कळदा त्याच खोक्यात बसवलेले असते. घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आला आणि ऑनलाइन सामन्यात पडद्यावरचा खेळाडू अडखळू लागला, की वेगळा राउटर घेण्याचा विचार सुरू होतो. दुकानात मात्र खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहून निवड केली जाते आणि हा आधार फारसा भरवशाचा नाही.

याचे कारण असे की, वेग आणि विलंब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १०० गिगाबाइटचा खेळ उतरवून घ्यायचा असेल तर वेग लागतो. १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीवर त्याला सव्वादोन तासांच्या आसपास वेळ जातो. तोच खेळ खेळताना होणारी देवाणघेवाण मात्र सहसा सेकंदाला एक मेगाबिटपेक्षाही कमी असते आणि तेथे महत्त्व येते ते पिंगला, म्हणजे कन्सोलकडून निघालेला संदेश खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेला. हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबईतील खेळाडूला सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळावे लागले, तर सरळ रेषेतील सुमारे ३,९०० किलोमीटर अंतरामुळेच किमान ४० मिलिसेकंदांच्या आसपास विलंब होतो, आणि कोणताही राउटर तो कमी करू शकत नाही. राउटरच्या हाती असतो तो घरातल्या घरात होणारा विलंब, आणि त्याहूनही त्रासदायक असे त्याचे सतत कमी-जास्त होणे.

हा चढउतार पुष्कळदा रांगेमुळे होतो. घरातील एखादा मोबाइल छायाचित्रांचा साठा इंटरनेटवर चढवू लागला, की बाहेर जाणारी माहिती जोडणीच्या क्षमतेपेक्षा अधिक होते, उरलेली माहिती यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, साचत जाते आणि खेळाचा लहानसा संदेशही त्या लांबलचक रांगेच्या शेवटी जाऊन थांबतो. या दोषाला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्याने त्याकडे जगाचे लक्ष वेधले आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी कोडेल ही पद्धत मांडली. तिच्या किंवा तिच्यापासून पुढे विकसित झालेल्या पद्धतींच्या आधारे चालणारी सोय राउटरमध्ये एसक्यूएम या नावाने मिळते. ती चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी, उदाहरणार्थ १०० च्या जागी ९० ते ९५ मेगाबिट, ठेवली की रांग आपल्या राउटरच्या ताब्यात राहते. खेळणाऱ्यांच्या घरासाठी राउटर घेताना जादा पैसे मोजायचेच असतील, तर ते अँटेनांच्या संख्येपेक्षा या सोयीसाठी मोजणे अधिक शहाणपणाचे आहे.

बिनतारी संपर्कासाठी वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन पट्टे वापरते. भारतात पहिला पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर दुसऱ्याचा बराच मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने चांगल्या जातात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन (१, ६ आणि ११) असल्यामुळे दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या राउटरांशी आणि मायक्रोवेव्ह भट्टीशीही त्यांची टक्कर होते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा व वेगवान असला, तरी काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी कपाटे त्याला लवकर अडवतात. म्हणून दोन्ही पट्टे असलेला राउटर घ्यावा आणि तो घराच्या मध्याजवळ, उंचावर, उघड्या जागी ठेवावा.

कन्सोल कोणत्या पिढीचा आहे, हेही आधी पाहणे आवश्यक आहे. २०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४ केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, एक्सबॉक्स सिरीज एक्स वायफाय ५ वापरतो आणि प्लेस्टेशन ५ वायफाय ६. त्यामुळे वायफाय ७ चा महागडा राउटर आणला, तरी हे कन्सोल त्यांच्या मूळ पिढीच्या मर्यादेतच राहतात. खोक्यावरील एएक्स ३००० ही संज्ञा दोन पट्ट्यांच्या सैद्धांतिक वेगांची, ५७४ आणि २,४०२ मेगाबिटांची, गोळाबेरीज असते. कन्सोल एका वेळी एकाच पट्ट्यावर असल्याने ही बेरीज त्याला कधीच मिळत नाही. स्वस्त राउटरांपैकी काहींचे केबलचे पोर्ट १०० मेगाबिटांचेच असतात आणि २०० मेगाबिटांची योजना घेतलेल्या घरात तेथेच निम्मा वेग वाया जातो. खोक्यावर गिगाबिट पोर्ट असा स्पष्ट उल्लेख असल्याची खात्री करून घ्यावी.

शक्य असेल तेथे कन्सोल आणि टेबलावरचा संगणक लॅन केबलनेच जोडावा. कॅट ५ई दर्जाची साधी केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते, तिला शेजाऱ्यांच्या लहरींचा उपद्रव होत नाही, आणि अनेक घरांत नव्या राउटरची गरजच या थोड्याशा खर्चाने संपते. केबल नेणे अशक्य असेल तेव्हा वायफायचा परिसर वाढवणारे साधे रिपीटर घेताना सावध राहावे, कारण त्यांपैकी पुष्कळ एकाच पट्ट्यावर माहिती घेतात आणि पुढे देतात, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो व विलंब वाढतो.

नवा राउटर पुरवठादाराच्या खोक्यामागे जोडल्यावर आणखी एक अडचण येते. घरातील अनेक उपकरणांचे खासगी पत्ते इंटरनेटवरील एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणाऱ्या क्रियेला नॅट म्हणतात; ती दोन यंत्रांत दोनदा झाली, की कन्सोलवर नॅट टाइप ३ किंवा स्ट्रिक्ट असा इशारा दिसू शकतो आणि मित्रांशी थेट जोडणी किंवा आवाजी संवाद बिघडतो. यावर उपाय म्हणजे पुरवठादाराचे खोके ब्रिज मोडमध्ये घालून घेणे, म्हणजे राउटरचे काम त्याच्याकडून काढून नव्या राउटरकडे सोपवणे. इतके करूनही इशारा कायम राहिला, तर पुरवठादारच अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा राउटर बदलण्याऐवजी त्याच्याकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्त्याची मागणी करावी. काही पुरवठादार जादा शुल्क घेऊन तो देतात.