रिव्हॉल्व्हरची माशी थोडी हलते, चालेल का? लेथवाल्याकडे नेण्याआधी हे वाचा

शिरवणे : बंदुकीच्या नळीच्या टोकावर नेम धरायला जो छोटा उंचवटा असतो त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. इंग्रजीतला शब्द फ्रंट साईट. काही रिव्हॉल्व्हरमध्ये ही माशी काढून दुसरी बसवता येते. अशी माशी बोटाने दाबली की किंचित हलते, आणि मालकाच्या मनात शंका येते. नेम चुकेल का? उडून जाईल का? शिरवणे एमआयडीसीत एवढे लेथवाले आहेत, एक टाका मारून घेऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, अजिबात नाही. कारण खाली दिलंय. बाकीच्या प्रश्नांचं उत्तर मात्र 'माशी कशी हलते' यावर आहे.

माशी किती प्रकारची?

पहिला प्रकार पक्क्या माशीचा. ती नळीसोबतच घडवलेली किंवा कायमची बसवलेली असते. ती हलायलाच नको. हलली तर काहीतरी तुटलंय किंवा सुटलंय.

दुसरा प्रकार पिनेचा. नळीवरच्या खाचेत माशीचं पातं बसतं आणि आडवी बारीक पिन त्याला धरून ठेवते. स्मिथ अँड वेसनच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ही पद्धत आहे. पिन घट्ट असेल तर पातं हलत नाही.

तिसरा प्रकार स्प्रिंगचा. अमेरिकेच्या रुगर कंपनीचं जीपी १०० हे याचं प्रसिद्ध उदाहरण. माशीच्या पुढे स्प्रिंगवरचा बारीक खटका असतो. तो दाबला की माशी वर उचलून निघते, दुसरी बसवता येते. उन्हात स्पष्ट दिसावी म्हणून रंगीत, किंवा उंच-बुटकी, अशी बदलायची सोय. आता जी वस्तू हाताने निघते आणि बसते, तिला थोडी तरी जागा लागणारच. म्हणून या प्रकारात किंचित हालचाल दिसणं हा लगेच दोष धरू नये.

थोडं हलणं म्हणजे किती?

हिशोब साधा आहे. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी माशीची चूक लांबवर मोठी होते. चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे अंतर साधारण १४ सेंटीमीटर धरा.

झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. माशी एका कागदाएवढी बाजूला सरकली तर १० मीटरवर गोळी जवळपास ७ मिलिमीटर सरकते, २५ मीटरवर जवळपास १८ मिलिमीटर. तीन कागदांएवढी सरकली तर २५ मीटरवर फरक ५४ मिलिमीटर, म्हणजे तीन बोटांच्या रुंदीच्या जवळपास.

आता तुलना करा. २५ मीटर पिस्तूल स्पर्धेच्या अचूकतेच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे मध्यापासून २५ मिलिमीटर. एका कागदाची चूक त्या वर्तुळात मावते, तीन कागदांची मावत नाही. आणि सराव नसलेल्या माणसाचा हात यापेक्षा कितीतरी जास्त हलतो. घराच्या संरक्षणासाठी परवाना घेतलेल्या माणसाला एका कागदाचा फरक कळणारही नाही.

गोळी कुठे जाते तेही लक्षात ठेवा. माशी उजवीकडे सरकली तर गोळी डावीकडे जाते. माशी वर उचलली गेली तर गोळी खाली लागते. कारण आपण माशी पुन्हा खाचेच्या मध्यात आणतो, तेव्हा नळीचं तोंड उलट्या बाजूला वळतं.

खरा प्रश्न : परत जागेवर येते का?

किती हलते यापेक्षा हे महत्त्वाचं. स्प्रिंग माशीला दर वेळी ढकलून एकाच जागी आणत असेल, तर बोटाने दाबल्यावर हलली तरी नेमावर परिणाम नाही. पण एका बाराला उजवीकडे टेकली, दुसऱ्या बाराला डावीकडे, असं होत असेल तर गोळ्या पसरणार.

हलण्याची दिशाही बघा. पुढे-मागे थोडी हलत असेल तर नेमाला जवळपास काही होत नाही. बाजूला किंवा वर-खाली हलली तर चूक होते.

घरी काय तपासायचं?

आधी रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामी करा. सिलिंडर उघडा, प्रत्येक घर डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पोरंबाळं जवळ नकोत. नळी माणसाकडे नको, बोट ट्रिगरवर नको.

१) अंगठ्याने माशी हलकेच बाजूला दाबा आणि सोडा. जागेवर आली का?

२) माशी आणि नळी यांच्यावरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. परवानगी असलेल्या रेंजवर सराव झाला की बघा. रेघ तुटून दोन तुकडे वेगळे दिसले तर माशी सरकते आहे.

३) पिनेचा प्रकार असेल तर पिन एका बाजूने बाहेर आलीय का ते बघा. आली असेल तर थांबा, वापरू नका.

४) स्प्रिंगचा प्रकार असेल तर खटका दाबल्यावर जोरात परत येतो का बघा. आत मळ, जुनं तेल, गंज साचला की खटका अर्धवट अडकतो आणि माशी सैल वाटते. कित्येकदा साफसफाईनेच प्रश्न मिटतो.

फेविक्विक लावू नका. झटक्याने आणि उष्णतेने ते तडकतं, आणि खटका कायमचा चिकटून बसतो. हातोडी तर नकोच.

आपल्याकडच्या बंदुकांचं काय?

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची .३२ रिव्हॉल्व्हर आपल्याकडे परवान्यावर दिसते. ती जुन्या वेब्ली घडणीची, मधून मोडून उघडणारी. या घडणीत मागची खाच नळी अडकवणाऱ्या खटक्यावर असते. त्यामुळे इथे माशीपेक्षा तो खटका आणि बिजागरी सैल झालीय का हे बघायला हवं. तिथली ढिलाई नेमही बिघडवते आणि सुरक्षेलाही धोका असतो.

कोकणात शेती संरक्षणासाठी बारा बोअरच्या किंवा ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांच्या टोकाला बहुतेक नुसता मणी असतो. छरे पसरतच जातात, त्यामुळे मणी केसभर हलल्याने फरक पडत नाही. मणी गळून पडू नये एवढंच बघायचं.

आणि ज्यांची मुलं-मुली रायफल शूटिंग शिकतात त्यांच्यासाठी नियम उलटा, थोडी ढिलाईही नको. १० मीटर एअर रायफलच्या टोकाला नळकांडं असतं आणि त्यात बदलता येणारी गोल चकती बसते. दोन साईटमधलं अंतर ८० सेंटीमीटर धरलं तर एका कागदाची हालचाल टार्गेटवर सव्वा मिलिमीटर होते. तिथे एका गुणाची पट्टी अडीच मिलिमीटरची. म्हणजे अर्धा गुण गेला! राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक ज्या ५० मीटर रायफल प्रकारात जिंकलं, त्याच्या अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. तिथे चकतीची आटी सैल राहून चालत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकल्या. तिथेही तेच. सराव सुरू करण्याआधी माशीचा स्क्रू तपासायची सवय मुलांना लावा.

लेथवाल्याकडे का नाही?

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. लेथवाला कितीही हुशार असला, ओळखीचा असला, तरी परवान्याशिवाय त्याने शस्त्राला हात लावला तर गुन्हा आहे. त्यासाठी कैदेची शिक्षा आहे. 'फक्त माशीच तर बसवायची होती' हे कारण चालत नाही. त्याच्या पोटावर पाय येईल आणि तुमचा परवानाही अडचणीत येईल.

म्हणून दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे किंवा तशा गन हाउसकडेच जा. परवाना सोबत न्या, काडतुसं नेऊ नका, शस्त्र दिल्याची पावती घ्या. शंका असेल तर आधी विचारा. शिरवणे, पनवेल, उरण भागात नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत, कर्जत-खालापूरकडे जिल्हाधिकारी कार्यालयात.

निवडणुकीत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जाऊ शकतं. जमा करताना माशीचा फोटो काढून ठेवा आणि परत घेताना तिथेच बघून घ्या.

थोडक्यात

स्प्रिंगची माशी किंचित हलते आणि परत जागेवर येते : काळजी नको, साफ ठेवा.
परत येत नाही किंवा पिन बाहेर आलीय : वापर थांबवा, परवानाधारक कारागिराला दाखवा.
पक्की माशी हलते : वापर थांबवा, लगेच दाखवा.
स्पर्धेची रायफल किंवा पिस्तूल : अजिबात हलता कामा नये.