अभ्यासक्रम नवा, पण पहिल्या सत्राची भिंत जुनीच!

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे महाराष्ट्राच्या टोकाचे गाव. रेल्वेने पुढे निघाले की कर्नाटक लागतो. नगर परिषद आहे, तूर-हरभऱ्याची मोठी बाजारपेठ आहे आणि घरोघर कन्नड बोलली जाते. परवा या गावी आम्हाला एक बाप भेटला. आयुष्य आडत दुकानात पोती उचलण्यात गेलेले. पोराला सीईटीच्या गुणांवर अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. "जयभीम सर. पोराला कॉम्प्युटर मिळालंय. चांगलंय म्हणे. तुम्ही बघा की जरा," असे म्हणून त्याने कॉलेजचे पत्रक आमच्या हाती दिले. पत्रकावर 'नवे शैक्षणिक धोरण', 'उद्योगाभिमुख अभ्यासक्रम', 'कृत्रिम बुद्धिमत्ता' असे सगळे काही छापलेले होते. पोराने मात्र एकच प्रश्न विचारला, "सर, पहिल्या वर्षी गणित लई अवघड असतंय का?"

सारे पत्रक वाचून काढले तरी त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सापडले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम बदलायला हवा होता, याबद्दल आमचे दुमत नाही. वर्षानुवर्षे तेच प्रश्न, तीच गाईड, सीनियरच्या जर्नलवरून उतरवलेले प्रयोग आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी! चार वर्षे संपली तरी मुलाने मोटार उघडून पाहिलेली नसे. हे बदलण्यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली आदर्श अभ्यासक्रम आणला. विषयांचा बोजा कमी करून पदवी १६० श्रेयांकांची केली, इंटर्नशिप सक्तीची केली, सुरुवातीला तीन आठवड्यांचा परिचय वर्ग सांगितला. पुढे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. राज्यातील संलग्न अभियांत्रिकी कॉलेजांत त्यानुसारची रचना २०२४-२५ पासून लागू झाली. आता विद्यार्थ्याला आवडीचे विषय निवडता येतात, मुख्य शाखेच्या जोडीला दुसऱ्या शाखेचे विषय घेता येतात, मध्येच थांबून पुन्हा परतही येता येते.

कागदावर हे सारे उत्तम आहे. पण आपल्या समाजाने एक गोष्ट अनुभवाने शिकलेली आहे. कोणतीही नवी व्यवस्था आली की आपण पहिला प्रश्न विचारायचा, 'ही कोणासाठी?' ज्याच्या घरात आधीच दोन इंजिनिअर आहेत, ज्याला शहरातले क्लास लाभले आहेत, त्याच्यासाठी निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे संधी. ज्याच्या घरात इंजिनिअर पाहिलेलाच कोणी नाही, त्याने निवड करायची ती कशाच्या आधारावर?

दुधनीच्या त्या पोराचेच पाहा. घरात कन्नड, शाळा मराठी, अकरावी सायन्सला गेल्यावर पुस्तके एकदम इंग्रजी. दोन वर्षे त्याने सूत्रे पाठ केली, बहुपर्यायी प्रश्न सोडवले, गुण मिळवले. तो हुशार आहे यात शंका नाही. पण कॉलेजच्या पहिल्या महिन्यात सर फळ्यावर भराभर अवकलन समीकरणे लिहितात, बाजूच्या बाकावरचा मुलगा हे क्लासात आधीच शिकून आलेला असतो, आणि आपला पोरगा वहीत उतरवून घेत राहतो. शंका विचारायची तर इंग्रजी अडते. चुकीचे इंग्रजी बोलले तर मागून हसू येते. मग तो गप्प बसतो. पहिल्या सत्राचा निकाल लागतो, दोन विषय राहतात. दुसऱ्या सत्रात आणखी दोन. मग एटीकेटी, मग वायडी. कॉलेज म्हणते, मुलगा अभ्यासात कच्चा. गावात कोणी म्हणते, सवलतीवर गेला होता, झेपले नाही.

हे 'झेपले नाही' आम्हाला मान्य नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई आयआयटीत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दर्शन सोळंकी याचा मृत्यू झाला. घरच्यांनी जातीय भेदभावाचा आरोप केला, तर संस्थेच्या चौकशी समितीने अभ्यासातील कामगिरीकडे बोट दाखवले. आम्ही येथे निवाडा करायला बसलेलो नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. पहिल्याच सत्रात एखादा मुलगा मागे पडतो, तेव्हा ती केवळ त्याची खासगी बाब कशी ठरते? शिकवणारे, शिकवण्याचा वेग, भाषा, वर्गातले वातावरण, यांची काहीच जबाबदारी नाही काय? पूल कोसळला तर नदीला दोष देणाऱ्या इंजिनिअरला आपण कामावर ठेवत नाही. मग मुले गळतात तेव्हा मुलांनाच दोष देणारा अभ्यासक्रम आपण का चालवून घेतो?

यावर एक उत्तर दिले जाते ते मातृभाषेतून शिक्षणाचे. २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शाखा मराठीतून सुरूही झाली. परिषदेने पुस्तकांची मराठी भाषांतरे काढली. हे चांगलेच झाले. परंतु दुधनीत उभे राहून पाहिले तर मातृभाषा म्हणजे कोणती? त्या पोराची मातृभाषा कन्नड आहे. शिवाय नोकरीच्या मुलाखती इंग्रजीतच होणार असतील, तर केवळ मराठीतून पदवी घेतलेल्या आपल्या मुलांना वेगळ्या रांगेत उभे केले जाण्याचा धोका आहे. श्रीमंताचे पोर इंग्रजीत आणि गरिबाचे पोर मराठीत, अशी नवी वर्णव्यवस्था आम्हाला नको. मुलाला समजेल त्या भाषेत समजावून सांगा, त्याच्याकडून इंग्रजीही पक्के करून घ्या. दोन्ही द्या. हे अशक्य नाही, त्यासाठी शिक्षक आणि तास लागतात एवढेच.

दुसरी गोष्ट इंटर्नशिपची. सक्तीची इंटर्नशिप कोणाला मिळते? ज्याचा मामा पुण्याच्या कंपनीत आहे त्याला. आपल्या मुलाला पुण्यात दोन महिने राहायचे तर खोलीभाडे कोण देणार, मेसचे पैसे कोण भरणार? विद्यावेतन मिळेलच याची खात्री नाही. मग तो पैसे भरून कुठल्या तरी संस्थेचे प्रमाणपत्र आणतो. श्रेयांक मिळतात, काम शिकायचे राहून जाते. वास्तविक काम आपल्या जिल्ह्यात नाही असे कोण म्हणेल? सोलापुरात यंत्रमाग आहेत, दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, बोरी नदीवर कुरनूर धरण आहे, महावितरणची उपकेंद्रे आहेत, एसटीचे आगार आहेत, दुधनीसारख्या नगर परिषदांच्या पाणीपुरवठा योजना आहेत. विद्यापीठाने आणि जिल्हा प्रशासनाने मनात आणले तर शेकडो मुलांना घरून डबा नेऊन इंटर्नशिप करता येईल.

तिसरी गोष्ट मध्येच बाहेर पडण्याची. नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे. अडलेल्याला ही सोय वाटेल. पण बाहेर पडणार कोण, याचा विचार करा. फी थकलेला, शिष्यवृत्तीचा हप्ता न आलेला, घरी आई आजारी असलेला, पहिल्या सत्रात नापास झालेला. म्हणजे बहुतेक आपलाच. पूर्वी त्याची गणना 'गळती'त होत असे आणि गळतीबद्दल जाब विचारता येत असे. उद्या त्याच्याच हातात प्रमाणपत्र देऊन 'त्याने स्वेच्छेने निवड केली' असे म्हटले जाईल. नाव बदलल्याने अन्याय बदलत नाही, एवढे भान आपण ठेवले पाहिजे.

बाबासाहेबांनी हे सारे फार आधी ओळखले होते. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. आपल्या मुलांना विज्ञानाचे आणि तंत्राचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे, म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी त्यात होती. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्या 'भारत सरकार शिष्यवृत्ती'चा अर्ज आपली मुले आज महाडीबीटीवर भरतात, तिचे मूळ तेथे आहे. पाटबंधारे आणि वीज ही खातीही बाबासाहेबांकडे होती. धरणे आणि वीज यांवर देश उभा राहणार आणि ती उभारणाऱ्यांत आपली माणसे असली पाहिजेत, हा त्यांचा विचार होता.

आणि सोलापूरला तर त्याहून जुना वारसा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. नुसते 'शिका' म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत. मुलाला शहरात राहायला छप्पर आणि ताटात भाकरी मिळाली तरच तो शिकेल, हे त्यांनी जाणले. त्या वसतिगृहाला १०० वर्षे उलटून गेली. आजच्या अभ्यासक्रमाच्या जाडजूड दस्तऐवजात प्रत्येक तासाचा हिशेब आहे. पण ज्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि 'स्वाधार'चे पैसे वेळेवर आले नाहीत, त्या मुलाचे काय, याचे एक पानही त्यात नाही.

महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी केली. सोलापूरचे वालचंद इन्स्टिट्यूटही त्याच वर्षीचे. तेव्हापासून जागा वाढल्या, शिष्यवृत्तीच्या आधाराने आपली मुलेही आत गेली. दार उघडले हे खरे. आता भांडण आतल्या पायऱ्यांचे आहे.

आणखी एक प्रश्न. हा अभ्यासक्रम शिकवतो काय? स्थापत्य अभियांत्रिकीत सांडपाण्याची नळी किती उताराने टाकावी याचे गणित शिकवतात. ती तुंबल्यावर मॅनहोलमध्ये कोण उतरतो, हे शिकवत नाहीत. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ही भरपाई ३० लाख केली. माणूस गटारात मरतो तेव्हा ते आरेखनाचेही अपयश असते. केरळमधील तरुण अभियंत्यांच्या 'जेनरोबोटिक्स'ने मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव २०१८ साली तिरुवनंतपुरमला कामाला लावला. हे काम करणारी मुले नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली होती. आपल्या कॉलेजांत मात्र शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बाजारातून विकत मिळतात! २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात भारतीय संविधान हा विषय सक्तीचा केला, पण श्रेयांक दिला शून्य. ज्याला गुण नाहीत तो विषय कोण मन लावून शिकणार? संविधान शिकवायचे असेल तर ते गटाराच्या आरेखनापर्यंत पोचले पाहिजे.

लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव आहे आणि राज्यातील कितीतरी कॉलेजे त्याला संलग्न आहेत. आमच्या मागण्या या विद्यापीठाकडे आणि सोलापूर विद्यापीठाकडेही आहेत. पहिल्या सत्रात गणित आणि इंग्रजीचा पूर्वतयारी वर्ग श्रेयांकासह ठेवा. तीन आठवड्यांच्या परिचय वर्गात भाषणे आणि सत्कार उरकू नका. पहिल्या वर्षाचा निकाल प्रवर्गनिहाय जाहीर करा, म्हणजे कोण गळतो ते समाजाला कळेल. इंटर्नशिपला विद्यावेतन द्या किंवा जिल्ह्यातच सोय करा. मध्येच थांबणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे कारण नोंदवा, आणि कारण पैशाचे असेल तर त्याला थांबू देऊ नका. अभ्यास मंडळात उद्योगपतींचे प्रतिनिधी बसतात, तसे शिष्यवृत्तीवर शिकून बाहेर पडलेले अभियंतेही बसवा.

आता थोडे आपल्या माणसांना. सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. समाजातून इंजिनिअर झालेले कितीतरी बांधव आज पुण्यात, मुंबईत, परदेशात आहेत. १४ एप्रिलला ते वर्गणी देतात, त्याबद्दल आदर आहे. पण आठवड्यातून दोन तास पहिल्या वर्षाच्या चार मुलांना गणित शिकवले तर ती वर्गणी अधिक मोलाची ठरेल. बुद्धविहारांत संध्याकाळी दिवा असतो, सतरंजी असते. तेथे फळाही लावा. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात चार मुलांची पहिल्या सत्राची पुस्तके येतात.

दुधनीच्या त्या पोराला आम्ही सांगितले, "गणित अवघड असते, पण ते तुला येणार नाही असे नाही. पहिले तीन महिने कोणाला तरी धरून राहा, लाजू नको, विचार." त्याने मान हलवली. बापाने पत्रक नीट घडी करून खिशात ठेवले आणि तो पुन्हा पोत्यांकडे वळला. त्या पत्रकावरची आश्वासने खरी की खोटी, हे पहिल्या सत्राच्या निकालाच्या दिवशी कळेल. त्या दिवशी त्या पोराच्या शेजारी कोणीतरी आपला माणूस उभा असला पाहिजे.

जयभीम!