नवतपा, क्षार आणि हृदयाच्या गोळ्या

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी विजेची एक लहर धावते. ती उठते उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोड या इवल्या पेशीपुंजात, मिनिटाला ६० ते १०० वेळा. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या सीमेवर एव्ही नोड आहे. तिथे ती सेकंदाचा साधारण दहावा भाग रेंगाळते. तेवढ्या अवधीत वरचे कप्पे आपले रक्त खाली ओततात.

ही वीज म्हणजे क्षारांची ये-जा. पेशीच्या आवरणातली सोडियमची दारे उघडली की एक-दोन मिलिसेकंदांत पेशी चेतते. मागोमाग कॅल्शियम आत येते, स्नायू आकुंचन पावतो; शेवटी पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी विसावते. सारा खेळ पाव-एक सेकंदाचा. त्यातला बहुतेक वेळ पेशी नव्या इशाऱ्याला दाद देत नाही. अनेक तालभंगांत लहर पुढे जाऊन विझत नाही, घाण्याच्या बैलासारखी एकाच वाटेवर गोल फिरत राहते. औषध एक तर तिची चाल मंद करते, नाही तर पेशींचा विसावा लांबवते, म्हणजे पुढची वाट बंद सापडून फेरा तुटतो.

सोडियमची दारे अडवणाऱ्या औषधांत एक आपल्याकडचे आहे. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला अजमलीन नाव दिले. आज त्याचा मुख्य उपयोग निदानासाठी होतो: शिरेतून दिले की ब्रुगाडा या आनुवंशिक विकाराची एरवी लपलेली खूण ईसीजीवर उमटते.

बीटा ब्लॉकर, व्हेरापामिल आणि डिजॉक्सिन यांचा भर एव्ही नोडवर. अ‍ॅडेनोसिनचाही, पण त्याचा अंमल काही सेकंदांचाच. मिनिटाला १८० ठोके पडणाऱ्या रुग्णाला ते शिरेतून झटक्यात देतात. ईसीजीच्या कागदावरची दाट रेघोटी अचानक सपाट होते, रुग्णाची छाती दडपते, जीव घाबरा होतो. मग एक ठोका, दुसरा, आणि नेहमीचा ताल. पाहणाऱ्यालाही ते सेकंद फार मोठे वाटतात.

मात्र ताल सुधारणारे औषध ताल बिघडवूही शकते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर चुकणारे ठोके फ्लेकेनाइड किंवा एन्केनाइड देऊन दाबले, तर जीव वाचतील अशी अपेक्षा होती. ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी मात्र सुधारलेला दिसत होता.

पोटॅशियमची दारे अडवणाऱ्या सोटॅलॉलचा धोका नागपूरच्या उन्हाळ्यात नीट समजतो. या शहराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान पाहिले आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, घामाने अंगातले पाणी आटते, मूत्रपिंडाचे काम मंदावते, आणि मूत्रपिंडावाटेच बाहेर पडणारे सोटॅलॉल रक्तात साचते. त्यात जुलाब-उलट्या किंवा लघवीची गोळी यांनी पोटॅशियम घटले, तर ही दारे आणखी सुस्तावतात. ईसीजीवरचे क्यूटी अंतर, म्हणजे खालच्या कप्प्यांना चेतून विसावायला लागणारा वेळ, ताणले जाते आणि खालच्या कप्प्यांत जीवघेणी, पिळवटलेली लय सुरू होऊ शकते. उलटी थांबवायला सर्रास घेतले जाणारे ऑन्डान्सेट्रॉनही हेच अंतर वाढवते. घरात सोटॅलॉल चालू असेल तर हे औषधाच्या दुकानात सांगायलाच हवे. उलट, रक्तदाबाच्या काही गोळ्या पोटॅशियम वाढवतात. अशा रुग्णाने, विशेषतः मूत्रपिंड अधू असेल तर, ऊन लागू नये म्हणून शहाळ्यांवर शहाळी पिणेही बरे नव्हे. रक्ततपासणीखेरीज अंदाज बांधता येत नाही.

अमिओडॅरोनही क्यूटी अंतर लांबवते, पण ती घातक लय त्याने क्वचितच उद्भवते. त्याची तऱ्हा निराळी: वजनाचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग आयोडीन, म्हणून थायरॉइडवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय ते चरबीत मुरते आणि अर्धे निघून जायलाच अनेक आठवडे लागतात. नवतपात बंद केलेली गोळी पोळ्यापर्यंत अंगात असते.