आधी रागावू नका, १९३० लावा

दुपारची वेळ. सासूबाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक लग्नपत्रिका येते. नंबर ओळखीचा नसतो, पण लग्नसराई आहे, नात्यातलंच कुणाचं तरी असेल म्हणून त्या ती उघडतात. फोन विचारतो, ‘इन्स्टॉल करायचं का?’ त्या ‘हो’ दाबतात. पत्रिका काही उघडत नाही. फोन बाजूला ठेवून त्या चहा टाकायला जातात. संध्याकाळी बँकेचा मेसेज येतो, खात्यातून पैसे गेलेले असतात.

आणि त्या कुणालाच काही सांगत नाहीत. सुनेला नाही, मुलाला तर नाहीच. गेल्या वेळी चुकीचा रिचार्ज झाला तेव्हा ‘तुला कितीदा सांगितलं, कशालाही हात लावू नकोस’ हे ऐकून घेतलेलं त्यांच्या पक्कं लक्षात असतं.

तुमच्या घरात असं झालं तर तुम्हाला ते किती वेळात कळेल? दहा मिनिटांत की चार दिवसांनी? पैसे परत मिळण्याची आशा बरीचशी यावरच अवलंबून असते.

त्या पत्रिकेत काय होतं?

खरी पत्रिका म्हणजे फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ. ती बघायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते अ‍ॅप आहे. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. म्हणून सासूबाई जेव्हा म्हणतात, ‘मी ओटीपी कुणालाच दिला नाही गं’, तेव्हा त्या खरंच बोलत असतात. आधी त्यांच्यावर विश्वास ठेवा.

मग त्या फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० लावा. तुम्ही इंदूरला असा की बेंगळुरूला, देशभर हाच नंबर आहे. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांना आणि वॉलेट कंपन्यांना कळवली जाते, पैसे अजून कुठल्या खात्यात पडून असतील तर ते तिथेच रोखता येतात. चोर मात्र ते भराभर पुढच्या खात्यांत सरकवत असतो, म्हणूनच घाई. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे की, ग्राहकाच्या चुकीने व्यवहार झाला असला तरी त्याने कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं. अ‍ॅप काढणं, पासवर्ड बदलणं हे त्यानंतर, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

‘घरी सांगू नका’ म्हणणारा

काही चोर तर गप्प बसायचा हुकूमच देतात. अंगावर गणवेश, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगू नका.’ आपल्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं. तरी शिकलेसवरलेले लोक फसतात, कारण भीतीपुढे शिक्षण चालत नाही.

मुलांच्या बाबतीतही शब्द तेच असतात. ऑनलाइन गेममधला ‘दादा’ फोटो मागतो आणि वर म्हणतो, ‘आईला सांगू नकोस.’ ‘असं कुणी म्हणालं की आधी मलाच सांगायचं, मी फोन काढून घेणार नाही,’ एवढं मुलाला आजच सांगा. आणि नंतर खरंच काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तो काही सांगणार नाही.

आपली माहिती चोरांना मिळते कुठून, असा प्रश्न पडतो ना? आपण दाराला दोन कड्या लावतो आणि आधारची झेरॉक्स लॉजच्या काउंटरवर ठेवून येतो. जिथे चालेल तिथे मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आई-बाबांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे बोटांच्या ठशांवर परस्पर पैसे निघणार नाहीत. हवं तेव्हा ते उघडता येतं. आणि यूपीआयचा पिन पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे घरकामाच्या मावशींनाही सांगा.

आज रात्री जेवताना विषय काढाल तेव्हा सुरुवात उपदेशाने करू नका. तुम्ही स्वतः कुठल्या लिंकवर फसता फसता वाचलात ते सांगा, बघा आजोबाही त्यांचा किस्सा काढतील. मग सगळ्यांच्या फोनमध्ये १९३० सेव्ह करा. ‘सायबर हेल्पलाइन’ हे नाव घाईत कुणाला आठवत नाही, ‘पैसे गेले तर’ या नावाने ठेवा.