सरासरी दिली आहे. पण तेवढ्यावर उत्तर देता येईल का?



आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाचा यूपीएससी पूर्व परीक्षेचा पहिला पेपर चांगला गेला होता. उत्तरतालिकेवरून मोजले तर तो कट-ऑफच्या वर होता. तरीही तो बाहेर पडला, कारण दुसऱ्या पेपरात, म्हणजे सीसॅटमध्ये, तीन-चार गुण कमी पडले. २०१५ पासून हा पेपर फक्त पात्रतेपुरता आहे. ८० प्रश्न, २०० गुण आणि पात्रतेसाठी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. "पात्रतेपुरता" या शब्दानेच आपली मुले फसतात. इतिहास-राज्यघटनेची चार-चार पारायणे होतात आणि सीसॅटला परीक्षेआधीचे पंधरा दिवस मिळतात. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेतही सीसॅट आता पात्रतेपुरताच आहे, त्यामुळे ही गत तिथेही होते.

त्याची प्रश्नपत्रिका घेऊन आम्ही दोघे बसलो. "विधान १, विधान २" अशा प्रकारचे प्रश्न त्याने पूर्ण सोडवत बसून वेळ घालवला होता आणि त्यातले काही चुकवलेही होते. एक प्रश्न चुकला की मिळणारे २.५ गुण जातातच, शिवाय ०.८३ कापले जातात. खरे तर या प्रश्नांत गणित पूर्ण सोडवायचेच नसते. दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे का, एवढेच ठरवायचे असते. याला डेटा सफिशियन्सी म्हणतात. मी गणिताचा माणूस नाही, समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे. म्हणून मला जसे समजले तसेच सांगतो.

पर्याय बहुधा चार असतात. पहिला, एकाच विधानावरून उत्तर मिळते, दुसऱ्यावरून मिळत नाही. दुसरा, दोन्हींपैकी कोणतेही एक विधान पुरते. तिसरा, दोन्ही एकत्र घेतली तरच उत्तर मिळते. चौथा, दोन्ही एकत्र घेऊनही मिळत नाही. बँकेच्या परीक्षांत पर्याय पाच असतात, पण विचार तोच.

आता सरासरी आणि किमान यांचे उदाहरण घेऊ.

अभ्यासिकेच्या पुस्तकांसाठी पाच मित्रांनी वर्गणी काढली. प्रत्येकाने किमान २०० रुपये दिले का?
विधान १: पाच जणांची सरासरी वर्गणी ४६० रुपये आहे.
विधान २: कोणीही ५०० रुपयांपेक्षा जास्त दिले नाहीत.

आधी फक्त विधान १ घ्या, दुसरे हाताने झाका. खरोखर झाका, कारण डोळ्यांनी वाचलेले डोक्यातून जात नाही. सरासरी ४६० म्हणजे एकूण २३०० रुपये. सगळ्यांनी ४६० दिले असतील तर उत्तर "हो". पण चौघांनी ५५० आणि एकाने १०० दिले, तरी बेरीज २३००च होते आणि उत्तर "नाही". एकाच माहितीतून हो आणि नाही दोन्ही निघतात, म्हणजे ती अपुरी आहे. आता विधान २ एकटे घ्या. सगळ्यांनी ५०० दिले तर हो, सगळ्यांनी १०० दिले तर नाही. हेही अपुरे.

दोन्ही एकत्र घेतली की चित्र बदलते. एकूण २३००. एकाची वर्गणी कमीत कमी किती असू शकते हे पाहायचे, तर उरलेल्या चौघांना जास्तीत जास्त द्यायला लावा. या प्रकारच्या प्रश्नांची सगळी किल्ली इथेच आहे. चौघांचे जास्तीत जास्त २०००, मग पाचव्याचे कमीत कमी ३००. कितीही ओढाताण केली तरी कोणी ३०० च्या खाली जाऊ शकत नाही. म्हणून "प्रत्येकाने किमान २०० दिले" हे पक्के. उत्तर पर्याय तिसरा.

आता विधाने तीच ठेवा आणि प्रश्नातला फक्त आकडा बदला: प्रत्येकाने किमान ४०० दिले का? चौघांचे ५०० आणि एकाचे ३०० असेल तर नाही. सगळ्यांचे ४६० असतील तर हो. दोन्ही विधाने एकत्र घेऊनही ठरत नाही, म्हणजे पर्याय चौथा.

आणखी एकदा बदला: प्रत्येकाने किमान ५०० दिले का? इथे आमच्या अभ्यासिकेतली जवळपास सगळी मुले चुकली, आणि पहिल्यांदा मीही चुकलो. सर्वांत लहान संख्या सरासरीपेक्षा मोठी कधीच असू शकत नाही. सगळ्या संख्या सारख्या असल्या तरच ती सरासरीइतकी होते. इथे सरासरीच ४६०, मग प्रत्येकाने ५०० देणे शक्य नाही. विधान १ एकटेच ठाम "नाही" सांगते. ठाम "नाही" हेही उत्तरच आहे, माहिती पुरेशी आहे! "नाही" आले म्हणून मुले विधान अपुरे समजतात आणि तिथेच गुण जातात. विधान २ एकटे मात्र पुरत नाही, कारण सगळ्यांनी बरोबर ५०० दिलेलेही असू शकतात. उत्तर पर्याय पहिला.

म्हणजे विधाने तीच, प्रश्न तोच, एक आकडा बदलला आणि उत्तर तिसऱ्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून पहिल्यावर गेले. पाठांतराने हे जमणार नाही. प्रश्नात "वेगवेगळ्या रकमा" असा शब्द असेल तर तोही सोडू नका. पाचही रकमा पूर्ण रुपयांत आणि वेगवेगळ्या असतील तर चौघांचे जास्तीत जास्त ५००, ४९९, ४९८ आणि ४९७, म्हणजे १९९४. मग किमान वर्गणी ३०० नव्हे तर ३०६.

उलट दिशेची फसगतही असते. वर्गातल्या मुलांची गुणांची सरासरी ६० आणि मुलींची ७० आहे. पूर्ण वर्गाची सरासरी ६५ पेक्षा जास्त आहे का? विधान १: मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. विधान २: वर्गात ४० विद्यार्थी आहेत. पुष्कळ जण दोन्ही विधाने मागतात, कारण विधान १ मध्ये आकडाच नाही. पण आकडा लागतच नाही. दोन्हींची संख्या सारखी असती तर सरासरी बरोबर ६५ आली असती. मुली जास्त, म्हणजे ती ७० च्या बाजूला झुकणार. विधान १ एकटे पुरते. याच प्रश्नात "पूर्ण वर्गाची सरासरी किती?" असे विचारले असते तर मात्र दोन्ही विधानेही कमी पडली असती. "आहे का?" आणि "किती आहे?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

कार्यकर्त्यांनाही या सवयीचा उपयोग आहे. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ७३ टक्के होती, अनुसूचित जातींची ६६.१ आणि अनुसूचित जमातींची ५९. एवढ्यावरून उरलेल्या समाजाची साक्षरता ७३ च्या वर होती हे म्हणता येते का? येते, आणि त्यासाठी कोणाची लोकसंख्या किती हे माहीत असायची गरज नाही. दोन गट सरासरीच्या खाली असतील तर उरलेला गट वर असलाच पाहिजे. किती वर, हे सांगायचे तर लोकसंख्येचे प्रमाण लागेल. ते १६.६ आणि ८.६ टक्के धरले तर आकडा साधारण ७६ येतो. साधारण म्हणतो, कारण साक्षरता सात वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येवर मोजतात आणि ही प्रमाणे एकूण लोकसंख्येतली आहेत. पण ६६.१ या आकड्यावरून एखाद्या वस्तीतली परिस्थिती सांगता येत नाही. ती ९० असेल, ४० असेल. भाषणात आपण पुष्कळदा ही उडी मारतो. अधिकाऱ्यासमोर निवेदन देताना मारू नये, तो लगेच पकडतो.

सरावाबद्दल एवढेच सांगतो की रोज पाचच प्रश्न सोडवा, पण प्रत्येक विधानासाठी एक "हो" आणि एक "नाही" शोधण्याचा खरा प्रयत्न करा. आपण बहुतेक वेळा "हो" मिळाले की थांबतो. पेपरात एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते. दोन्ही टोके त्यात तपासून होतात, पूर्ण गणित होत नाही.

आता एक तुमच्यासाठी. चार मुलींनी सीसॅटचा सराव पेपर दिला. चौघींनाही किमान ६६ गुण मिळाले का? विधान १: चौघींची सरासरी ७० आहे. विधान २: सर्वाधिक गुण ८० आहेत. सोडवून झाले की ८० च्या जागी ७१ घाला आणि पुन्हा करा. पहिल्या वेळी पर्याय चौथा आणि दुसऱ्या वेळी तिसरा आला पाहिजे. वेगळे काही आले तर बहुधा "उरलेल्या तिघींना जास्तीत जास्त" ही पायरी राहून गेली असेल.