अक्षरांवाचूनची थडगी

रोमन स्मशानांच्या अभ्यासकाला एक मोठी सोय असते : तिथला दगड बोलतो. ऑस्टिया बंदराजवळच्या इसोला साक्रा येथील थडग्यांवर मृताचे नाव, बांधणाऱ्याचे नाव, आत कोणाकोणाला जागा द्यावी हेही कोरलेले आढळते. शिरूर तालुक्यातल्या इनामगावी ही सोय नाही. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावात इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात शेतकरी राहत होते. त्यांना लिपी नव्हती. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले, त्यात दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतला मजकूर वाचायचा तो हाडांच्या मांडणीवरून.

ही मांडणी ठरलेली दिसते. मूल गेले की त्याला दोन मडक्यांत ठेवत, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवत आणि ती खड्ड्यात आडवी पुरत. प्रौढाला उताणे निजवत, डोके उत्तरेला. पण त्याची पावले घोट्यापासून तोडलेली असत. आणि हे सारे घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्याने नगराच्या आत दफन-दहनाला मनाई केली होती. इनामगावात मेलेला माणूस घरातच राही.

पावले का तोडली? मृताने भूत होऊन हिंडू नये म्हणून, असे उत्तर सहसा दिले जाते. पण ज्याची भीती वाटते त्याला कोणी चुलीशेजारी ठेवील काय? त्याने आपल्याला सोडून जाऊ नये, हा अर्थ मला अधिक पटतो. या रीतीला अपवादही आहे. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या, पोट फुगीर असलेल्या मातीच्या रांजणात एक प्रौढ पुरुष पाय दुमडून बसवलेला सापडला. त्याची पावले शाबूत होती. तो गावातला कोणी मानकरी असावा, असे अभ्यासक मानतात.

मुलांची गोष्ट तर आपल्या ओळखीची आहे. दोन वर्षांच्या आतले मूल पुरावे, असे मनुस्मृती सांगते. दात येण्यापूर्वी मुलाला जाळत नाहीत, असे रोमन लेखक प्लिनी नोंदवतो. आपल्या गावांतही तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात.

शिरूरच्याच दफनभूमीत १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसचे थडगे आहे. तालुक्यातले लोक त्याला ‘सतपुरुष’ मानून सुगीचे पहिले धान्य नैवेद्य म्हणून वाहत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. म्हणजे नाव ठाऊक असलेल्या मृतालाही लोकांनी आपल्या रीतीनेच वाचले. इनामगावच्या मृतांची नावे कधीच कळणार नाहीत. पण त्यांना कुणी जवळ ठेवून घेतले होते, एवढे मात्र तिथल्या मातीत स्पष्ट वाचता येते.